काळ्या मातीतले भाडेकरू

पहाटे पाच

मातीचे नमुने घ्यायचे असले की आदल्या रात्रीपासून मी डोक्याला तेल लावत नाही. आईला हे अजून पटलेलं नाही. ऑक्टोबरच्या उन्हात कोरड्या केसांनी शेतात उभं राहायचं म्हणजे तिच्या मते दुखणं ओढवून घेणं. पण खोबरेल तेलात जवळजवळ निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा, म्हणजे बारा कार्बनच्या एका मेदाम्लाचा असतो, आणि मी दिवसभर शोधते ती मेदाम्लंच. तीही ग्रॅमभर मातीत काही मायक्रोग्रॅम. केसांवरून फिरलेलं बोट कुपीच्या तोंडाला लागलं, तर आलेखावर एक ठसठशीत शिखर उभं राहतं आणि त्याचा मातीशी काही संबंध नसतो.

आमचं घर सुरतेच्या उधन्यात. वडील अमळनेरहून लूमच्या कामाला आले आणि इथलेच झाले. प्रयोगशाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, शेत बारडोलीच्या अलीकडे. सामान रात्रीच भरून ठेवलेलं असतं: बर्फाचा डबा, ॲल्युमिनियमची फॉइल, भट्टीत साडेचारशे अंशांवर भाजलेल्या काचेच्या कुप्या, स्टीलचे बारीक चमचे, सुऱ्या. नमुन्याला प्लॅस्टिक लागू द्यायचं नाही. प्लॅस्टिक मऊ ठेवायला घातलेली द्रव्यं नंतर क्लोरोफॉर्ममध्ये उतरतात आणि पुन्हा तेच, नको तिथे शिखर.

पावणेसहा

जीप कडोदऱ्याच्या गर्दीतून सुटली की बारडोलीचा रस्ता मोकळा लागतो. हाच रस्ता पुढे व्यारा, सोनगड, नवापूर करत धुळ्याला जातो. साखर कारखान्यांचं गाळप सुरू व्हायच्या सुमाराला याच रस्त्याने कोयत्याच्या टोळ्या उतरतात, डांगातून, नंदुरबार-धुळ्याकडून. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने बारडोलीच्या ऊसतोड कामगारांवर १९७०च्या दशकात लिहिलं, ते वाचताना आमच्या गावाकडची माणसं दिसतात. माणसांच्या आधी इथे खानदेशातून माती आलेली आहे. तापीने दख्खनच्या बेसाल्टचा गाळ हजारो वर्षं वाहून आणला, त्यातून सुरतेकडची ही काळी, चिकण जमीन झाली. काकरापारचा बंधारा १९५०च्या दशकातला, उकाईचं धरण १९७२चं. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, आणि उसामागोमाग जागोजागी जमीन चिबडायलाही लागली. या जमिनीत पाणी खाली कसं जातं हा त्यामुळे इथे पोटापाण्याचा प्रश्न आहे. आमचं काम त्याच प्रश्नाच्या एका अगदी लहान कोपऱ्यात चालतं.

साडेसहा

खड्डा आबांनी कालच घेतलाय. आबा शिरपूरकडचे, खोदकामात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. ‘‘ताई, वरची माती या बाजूला, खालची त्या बाजूला, मिसळू दिली नाही,’’ हे मी विचारायच्या आत ते सांगतात. खड्डा तुरीच्या शेताच्या बांधालगत आहे. इथे आधी उसाचा खोडवा होता, मग तूर. तुरीचं सोटमूळ खोल जातं. ते मेलं, कुजलं की मागे उभा बोगदा उरतो. गांडुळाचाही उभा बोगदा असतो. दोन्ही साधारण सारख्याच जाडीचे, दोन ते आठ-नऊ मिलिमीटर. त्यातला कोणता कोणाचा, हे सांगायचं.

वरचा थर कामाचा नाही. नांगर आणि रोटाव्हेटर तिथलं सगळं दरवर्षी मोडून टाकतात. जुनी भोकं टिकतात ती नांगराच्या तासाखाली. म्हणून आम्ही ४५ सेंटिमीटर खोलीवर जमीन आडवी कापतो. सुरीने पातळ पापुद्रे काढत जायचं, सैल माती रबरी फुग्याच्या हवेने उडवायची. काळ्या मातीत हे वेळखाऊ आहे. ती ओली असली की सुरीमागे लिंपते आणि भोकं बुजतात, वाळली की दगड होते. पाऊस सरल्यानंतर आणि भेगा पुन्हा उघडण्याआधी जे थोडे आठवडे मिळतात तेवढाच आमचा हंगाम.

सव्वासातला पहिला सपाट तळ तयार होतो. त्यावर भोकं दिसतात. मी वाकून प्रत्येकाला क्रमांक देते, व्यास मोजते, आणि डोळ्यांना काय वाटतं ते वहीत लिहिते. भिंत गुळगुळीत, गडद, चकाकणारी, आत विष्ठेच्या गोळ्या असतील तर ‘गां’. भिंतीला तपकिरी सालपट चिकटलेलं, आत कुजक्या मुळाचा धागा असेल तर ‘मु’. उरलेल्यांपुढे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हंच जास्त असतात.

आठ

डोळ्यांवर का भागत नाही, हे आमच्या प्रयोगशाळेतले सर नव्या विद्यार्थ्यांना समजावतात तेव्हा मीही पुन्हा ऐकते. पण मला ते आमच्या उधन्या-लिंबायतच्या खोल्यांवरून जास्त चांगलं कळलं. खोली बांधली एकाने, तिच्यात आधी ओडिशाचे लूमवाले राहिले, मग खानदेशचं कुटुंब, आता कोणी तिसरंच. भिंतीकडे पाहून बांधणारा सांगता येत नाही. फार तर आत्ताच्या बिऱ्हाडाचा अंदाज येतो. मातीतलं भोकही तसंच. तुरीच्या मुळाने पाडलेल्या वाटेत पुढच्या पावसाळ्यात गांडूळ शिरतं, कारण नवी जमीन पोखरण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. गांडूळ गेलं की त्याच वाटेने उसाचं मूळ उतरतं, कारण तिथे मातीचा विरोध नाही आणि भिंतीला खतही लागलेलं आहे. मालकी फिरत राहते.

या कामाचा मोठा प्रयोग झाला तो जर्मनीत. बॉन विद्यापीठाचं क्लाइन-आल्टेनडॉर्फ इथे प्रयोगक्षेत्र आहे. तिथे खालच्या थरातून पिकं अन्न कसं उचलतात यावर बरीच वर्षं काम चाललं. चिकोरीसारखी खोल मुळांची पिकं घेऊन मागे राहणारी भोकं त्यांनी वापरली. कॅलम बॅनफिल्ड, मिखाएला डिपोल्ड, याकोव्ह कुझ्याकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख २०१७ साली आला. त्यांनी तीन प्रकारची भोकं घेतली: गांडुळांची, दोन वर्षं जुनी नुसती मुळांची, आणि दीड वर्ष मुळाची राहून पुढे सहा महिने गांडुळांनी वापरलेली. दोन खोल्या घेतल्या, ४५ ते ७५ आणि ७५ ते १०५ सेंटिमीटर. भोकाच्या भिंतीत आसपासच्या मातीपेक्षा निदान अडीचपट कार्बन निघाला, आणि जिवंत सूक्ष्मजीवांची खूण असलेली फॉस्फोलिपिड मेदाम्लं २६ ते ३५ पट. मुळांच्या भोकांत ती गांडुळांच्या भोकांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी होती.

मला त्यातली तिसऱ्या प्रकाराची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. गांडुळांनी सहा महिन्यांत मुळाच्या भोकाचं गांडुळाचं भोक करून टाकलं. आतलं सूक्ष्मजीवांचं गणगोत बदललं आणि दीड वर्षाच्या मुळाचा ठसा जिवंत जीवांमधून पुसला गेला. मेलेल्या जीवांचे अवशेष तरी जुना हिशेब ठेवतील, म्हणून त्यांनी अमिनो शर्कराही मोजल्या. त्यातही भोकागणिक वेगळा असा साठा सापडला नाही. म्हणजे ही पद्धत भोक कोणी पाडलं हे सांगत नाही, शेवटी कोण राहून गेलं हे सांगते. अनेकांना ही पद्धतीची उणीव वाटते. मला वाटत नाही. पुढच्या पिकाच्या मुळाला बांधणाऱ्याशी काय देणंघेणं? त्याला भिंतीवर आज काय आहे तेच भेटणार.

साडेनऊ

ऊन चढायच्या आत खरवडून घ्यायचं. भोक उभं चिरून उघडं करायचं आणि भिंतीचा फक्त एक-दोन मिलिमीटरचा थर चमच्याने काढायचा. जरा खोल गेलं की साधी माती मिसळते आणि फरक पातळ होतो. एका भोकातून मिळते ती माती एका नमुन्याला पुरत नाही. मग एकाच जातीची वाटणारी भोकं एकत्र करावी लागतात, आणि आपला डोळ्यांचा अंदाज चुकीचा असेल तर तो नमुन्यातच कालवला जातो. म्हणून प्रश्नचिन्हवाली भोकं मी कधीच एकत्र करत नाही. मोठी असतील तर एकेकटी, नाहीतर सोडून देते.

कुपी भरली, फॉइल, टोपण, बर्फ. मागोमाग दूरची साधी माती, त्याच खोलीवरची. आणि मग माझा हट्टाचा नमुना: भेग.

जर्मनीतल्या त्या जमिनीत हा प्रश्न एवढा नाही. आमच्या जमिनीतली चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात इथे हात जाईल एवढ्या रुंद भेगा पडतात, मीटरभर खोल, कधी त्याहून जास्त. वरची भुसभुशीत माती, पाला, पाचटाचे तुकडे, शेळीच्या लेंड्या, सगळं त्यांत पडतं. पाऊस आला की जमीन फुगून तोंड मिटते आणि वरचा माल खाली अडकतो. खड्ड्याच्या भिंतीत आज दोन ठिकाणी अशा बुजलेल्या भेगा दिसतात, सैल आणि जरा निराळ्या रंगाच्या उभ्या पट्ट्या. त्यांच्या बाजूला घसरून गुळगुळीत झालेले तिरके पृष्ठभाग. नवा विद्यार्थी त्यांवरची चकाकी पाहून हमखास ‘गांडूळ’ म्हणतो.

आता विचार करा. बॅनफिल्ड मंडळींना गांडुळांच्या भोकांत ग्रॅम-ऋण जीवाणू आणि बुरशा वाढलेल्या दिसल्या, कारण गांडूळ ताजा पालापाचोळा खाली नेतं. मुळांच्या भोकांत ग्रॅम-धन आणि ॲक्टिनोबॅक्टेरिया तुलनेने जास्त, कारण कुजक्या मुळाचा कार्बन पचायला जड. पण ताजा पाला खाली नेण्याचं काम आमच्याकडे भेगही करते. म्हणजे सूक्ष्मजीवांच्या खुणांपुरतं पाहिलं तर भेग गांडुळाची नक्कल करू शकते. काळ्या जमिनीत खटला दोन पक्षांचा नाही, तिघांचा आहे, आणि तिसऱ्याची साक्ष न घेता निकाल देणं मला मान्य नाही. सरांचं म्हणणं, दर खड्ड्याला एवढे जास्तीचे नमुने म्हणजे खर्च. आमचा हा वाद चालू आहे.

गांडूळही वेगळं. जर्मनीत ल्युम्ब्रिकस टेरेस्ट्रिस, एकाच खोल उभ्या बिळात राहणारं, रात्री वर येऊन पानं ओढून नेणारं. डार्विनने १८८१च्या पुस्तकात पानं ओढण्याची ती रीत किती बारकाईने लिहिली आहे. आमच्याकडे ते नाही. इथल्या शेतांत भेटतं ते बहुधा लॅम्पिटो मॉरिटी. आज ८० सेंटिमीटरवर एक सापडलं, अंगाची गुंडाळी करून बसलेलं. आबांनी ते कुदळीच्या टोकाने न दुखवता बाजूला घेतलं आणि वरच्या ओल्या मातीत सोडलं.

अकरा

शेतमालक काका चहा घेऊन येतात. गुजराती घरातला चहा, त्यामुळे गवती चहा आणि पुदिना दोन्ही. दर वेळचा प्रश्न ते आजही विचारतात: ‘‘बेन, अळसियांनुं काणुं होय के मूळियांनुं, मने शुं फरक पडे?’’ भोक गांडुळाचं असो की मुळाचं, मला काय फरक?

मी त्यांना जेवढं ठाम माहीत आहे तेवढंच सांगते. उभं भोक शाबूत असेल तर पाणी साचण्याऐवजी खाली जायला वाट मिळते आणि पुढच्या पिकाचं मूळ तीच वाट धरतं. भोकाच्या भिंतीवर सूक्ष्मजीवांची वस्ती जितकी दाट, तितकं तिथलं अन्न मुळाला लवकर मोकळं होतं. गांडुळाची भिंत मुळाच्या भिंतीपेक्षा सरस, असं जर्मनीतल्या जमिनीत दिसलं. तुमच्या जमिनीत तसंच आहे का, त्यासाठी हा खड्डा. काका मान हलवतात. पटलं म्हणून की पाहुणीचा मान म्हणून, ते कळत नाही.

मग ते गांडूळखताकडे वळतात. गावात कोणी पिशव्या विकायला आलंय. २०२२च्या जुलैत सुरतेत नैसर्गिक शेतीची मोठी परिषद झाली, पंतप्रधान व्हिडिओद्वारे बोलले, दर पंचायतीत ७५ शेतकरी जोडल्याचं कौतुक झालं. तेव्हापासून या भागात गांडुळाची प्रतिष्ठा वाढली आहे. चांगलंच आहे. पण खताच्या हौदात वाढवतात ते आयसेनिया फेटिडा कुजक्या पाल्यात राहणारं गांडूळ आहे, ते जमिनीत खोल बोगदे पाडत नाही. खत विकत घ्या, खत म्हणून घ्या. तीन फूट खालच्या वाटा हव्या असतील तर शेतातलं गांडूळ जगवावं लागेल, आणि त्यासाठी पाचट जाळणं थांबवणं हे कुठल्याही पिशवीपेक्षा मोठं काम आहे. हे मी बोलून टाकते. काकांनी उसाचं पाचट गेल्या साली जाळलं होतं. ते हसतात, मीही हसते, चहा संपतो.

दुपारी पाऊण

नमुने उणे वीसमध्ये. जेवण. इथे एक नियम आहे, जो बाहेरच्याला विनोदी वाटतो: प्रयोगशाळेच्या दारापासून चार पावलांच्या आत खायचं नाही आणि खाल्ल्यावर हात दोनदा साबणाने धुवायचे, मग अल्कोहोलने. आज कोणी लोचो आणलाय, वरून सिंगतेल, शेव. शेंगदाण्याच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं. लिनोलिक म्हणजे १८:२, अठरा कार्बन आणि दोन दुहेरी बंध. मातीच्या कामात हेच १८:२ ओमेगा-६ बुरशीची खूण मानलं जातं. लोचोचा हात नमुन्याला लागला तर जमिनीत बुरशीचा सुकाळ झाला असं वाटेल.

विनोद बाजूला ठेवला तरी हे आम्ल मला पुरतं विश्वासू वाटत नाही. ते बुरशीत असतं तसं खुद्द वनस्पतीतही असतं, मुळातही. मुळाच्या भोकात एखादा जिवंत केशतंतू उरला असेल तर १८:२ वाढतं आणि आपण बुरशी लिहून मोकळे होतो. म्हणून मी त्याच्यावर एकट्यावर काही ठरवत नाही.

दीड

आजची माती आज वापरायची नसते. आधीच्या खड्ड्याची माती गोठवून निर्वातात वाळवलेली आहे, तिचं काम कालपासून चालू आहे. ब्लाय आणि डायर या दोघांनी १९५९ साली माशाच्या ऊतीतून चरबी काढण्यासाठी जी रीत लिहिली, तिचंच हे मातीसाठी बदललेलं रूप: क्लोरोफॉर्म, मिथेनॉल आणि सायट्रेटचं बफर, ठरल्या प्रमाणात. तिघं मिळून एकजीव द्रव होतो आणि तो पेशींच्या आवरणातली चरबी सोडवतो. नंतर आणखी क्लोरोफॉर्म आणि बफर घातलं की थर वेगळे होतात. खाली क्लोरोफॉर्म, त्यात चरबी.

बफरचा पीएच ४ असतो आणि आमच्या मातीत चुनखडीचे खडे. आम्ल पडलं की बारीक फेस येतो, पीएच वर सरकतो आणि ठरवलेली परिस्थिती राहत नाही. त्यामुळे पीएच पुन्हा तपासून घ्यावाच लागतो. आमच्या छापील पद्धतीत ही ओळ नाही. ती चुनखडीच्या जमिनीवर काम करणाऱ्याला हात घातल्यावर कळते.

क्लोरोफॉर्म सगळं धूरपेटीच्या आत. पंखा बंद पडला की काम बंद, याला अपवाद नाही.

साडेतीन

सिलिकाचे छोटे स्तंभ. वरून चरबी सोडायची आणि एकामागून एक तीन द्रावकांनी धुवायची. क्लोरोफॉर्मबरोबर येतो तो साठवणीचा मेद, ॲसिटोनबरोबर ग्लायकोलिपिड, शेवटी मिथेनॉलबरोबर फॉस्फोलिपिड, म्हणजे पेशीच्या आवरणातली चरबी. ही शेवटची खरी कामाची, कारण पेशी मेल्यावर ती मातीत फार काळ टिकत नाही, काही दिवसांत किंवा थोड्या आठवड्यांत तिचे तुकडे होतात. सापडली म्हणजे पेशी जिवंत होती असं धरता येतं.

पण मी पहिला वाटाही फेकत नाही. साठवणीच्या मेदात १६:१ ओमेगा-५ असेल तर मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीची खूण मिळते. आणि त्यातच कधी २०:४ दिसतं, ॲराकिडोनिक आम्ल. वीस कार्बनची अशी लांब, चार दुहेरी बंधांची साखळी जीवाणू सहसा करत नाहीत. गांडुळाच्या शरीरात ती असते. सुरुवातीला मला वाटलं, सापडलं, ही गांडुळाची सही. तसं नाही. आदिजीवांत आणि सूत्रकृमींत ती असते, मॉर्टिएरेलासारख्या काही बुरशांतही असते. आणि हे जीव भोकाच्या भिंतीवर गर्दी करूनच असतात. त्यामुळे २०:४ हे ‘इथे प्राणी वावरतात’ एवढंच म्हणतं.

मुळाची पक्की खूण शोधायची तर वेगळ्या वाटेने जावं लागतं. मुळाच्या सालीत सुबेरिन असतं, बुचाचं द्रव्य. ते द्रावकात उतरत नाही, अल्कली घातलेल्या मिथेनॉलमध्ये तापवून तोडावं लागतं. त्यातून लांब साखळीची ओमेगा-हायड्रॉक्सी आम्लं आणि दोन्ही टोकांना आम्लगट असलेली द्विआम्लं निघतात. पानांच्या सालीतलं क्युटिन वेगळं, त्यात १६ आणि १८ कार्बनची, साखळीच्या मध्यावर हायड्रॉक्सी असलेली आम्लं जास्त. भोकात सुबेरिन खूप आणि क्युटिन नाममात्र, तर मूळ. क्युटिन चढं असेल तर वरचा पाला खाली आला आहे. त्याला गांडुळाने आणलं की भेगेने, हे मात्र क्युटिन सांगत नाही. तिथे माझा भेगेचा नमुना उपयोगी पडतो. सुबेरिन टिकाऊ आहे, म्हणून जुन्या बिऱ्हाडाची थोडीबहुत आठवण त्यातच उरायची शक्यता. जिवंत खुणा आजचं सांगतात, सुबेरिन कालचं. दोन्ही एकाच भोकातून मोजायचं हे आमच्या कामाचं खरं सूत्र.

सव्वापाच

फॉस्फोलिपिड नायट्रोजनच्या झोताखाली कोरडं केलं, अल्कलीने तोडलं, बोरॉन ट्रायफ्लोराइड घातलेल्या मिथेनॉलमध्ये ८० अंशांवर तापवलं, हेक्झेनमध्ये घेतलं. आता ही मेदाम्लं मिथिल एस्टर झाली, म्हणजे वायू होऊन यंत्रातून जाऊ शकतात. १९ कार्बनचं मेदाम्ल सुरुवातीलाच ठरल्या मापाने घातलेलं असतं. मातीत ते सहसा सापडत नाही, त्यामुळे वाटेत किती गळती झाली ते त्याच्यावरून काढता येतं. या तासाभरात बोलायचं नाही असा अलिखित शिरस्ता आहे. कुप्या एकसारख्या दिसतात आणि क्रमांक पेन्सिलीने लिहिलेले असतात.

सात

मागच्या फेरीचे आलेख पडद्यावर आलेले असतात. मी आधी कोरा नमुना उघडते, ज्यात माती नाही, फक्त आमचे द्रावक आणि आमचे हात. तो स्वच्छ नसेल तर पुढे बघण्यात अर्थ नाही. आज स्वच्छ आहे. १६:० चं छोटं शिखर आहेच. ते जगातल्या प्रत्येक गोष्टीत असतं.

मग एकेक भोक. आय-१५:० आणि ए-१५:०, ही शाखा फुटलेली, ग्रॅम-धन जीवाणूंची. १६:१ ओमेगा-७ आणि १८:१ ओमेगा-७, ग्रॅम-ऋणांची. दहाव्या कार्बनवर मिथिल लागलेलं १८:०, ॲक्टिनोबॅक्टेरियाचं, म्हणजे पहिल्या पावसाला मातीला जो वास येतो त्यातल्या मंडळींचं. सायक्लोप्रोपेन आम्लं वाढली असतील तर ग्रॅम-ऋण जीवाणू उपाशी किंवा त्रासात आहेत असं समजतात. मी ही नावं सुटी सुटी वाचत नाही, त्यांचं एकमेकांशी प्रमाण बघते.

एका भोकापुढे मी वहीत ‘मु’ लिहिलं होतं. भिंतीला सालपट होतं, शंकेला जागा नव्हती. आलेखात मात्र ग्रॅम-ऋण चढे, २०:४ आहे. सुबेरिनचा निकाल यायचा आहे, तो भरपूर येईल असा माझा अंदाज. म्हणजे तुरीने पाडलेली वाट आणि नंतर आलेलं गांडूळ. वहीतला ‘मु’ चूक नाही, अपुरा आहे. मी त्यापुढे गांडुळाची खूण करते, पण अधांतरी. कारण त्याच खड्ड्यातल्या भेगेच्या नमुन्यातही ग्रॅम-ऋण तेवढेच चढे आहेत. २०:४ भेगेत कमी आहे, पण शून्य नाही. एका खड्ड्यावरून मी यातलं काहीच ठरवणार नाही.

सर मागून येऊन बघतात. भेगेच्या आलेखावर बोट ठेवून म्हणतात, ‘‘ही तुझी तिसरी पार्टी बरीच बोलते गं.’’ खर्चाचा विषय ते आज काढत नाहीत. मी भेगेचे नमुने पुढच्या तिन्ही खड्ड्यांच्या यादीत लिहून टाकते आणि यादी त्यांच्यापुढे सरकवते. ते सही करतात, फक्त साध्या मातीचे दोन कमी करायला सांगतात. दोन कमी करायला माझी हरकत नाही.

सव्वाआठ

रात्रीची फेरी लावायची. आधी कोरा नमुना, मग ३७ मेदाम्लांचं प्रमाण मिश्रण, मग आजची फॉस्फोलिपिडं, दर सहा कुप्यांनंतर पुन्हा मिश्रण. एका कुपीला पाऊण तास. हेलियमच्या नळकांड्यातला दाब वाचून रजिस्टरमध्ये लिहिते, तो सकाळपर्यंत पुरेल. भेगेच्या कुप्या मी मुद्दाम गांडुळांच्या कुप्यांच्या मध्ये लावल्या आहेत, म्हणजे रात्रीतून यंत्र जरा सरकलं तरी दोघांवर सारखंच सरकेल. आबांचा फोन येतो: काकांना उद्या पाणी सोडायचंय, खड्डा बुजवू का? मी विचारते, सगळे क्रमांक झालेत का, एकवीस नंबर राहिला होता. ते म्हणतात, तो तुम्ही सोडून द्या म्हणालात, त्याला प्रश्नचिन्ह आहे. मग बुजवा, मी म्हणते, खालची माती आधी.